४० प्रकरणांचा आराखडा तयार, पण पहिलं प्रकरण पुढे सरकत नाही: पहिली फॅनफिक कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा भागांची एक इंग्रजी कादंबरीमालिका तुम्ही तीनदा वाचली आहे आणि तिच्यावर मराठीत फॅनफिक्शन, म्हणजे मूळ पात्रं आणि जग घेऊन चाहत्याने रचलेली नवी कथा, लिहायची आहे. ४० प्रकरणांचा आराखडा, नकाशा, एक नवी नायिका असं सगळं वहीत तयार आहे. पहिलं प्रकरण चार वेळा सुरू केलंत आणि चारही वेळा तिसऱ्या पानाच्या आसपास अडलात. पात्रं मूळ पात्रांसारखी न बोलता तुमच्यासारखीच बोलतात, जाणकार वाचक चुका काढतील ही धास्ती आहे, आणि लिहून झालं तर टाकायचं कुठे तेही कळत नाही. जाता जाता तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे: तिसऱ्या भागाच्या शेवटी कप्तान आणि तिचा वैद्य भांडून वेगळे होतात, चौथ्या भागाच्या सुरुवातीला ते एकाच टेबलावर जेवताना दिसतात, आणि मधे काय घडलं हे लेखकाने सांगितलेलंच नाही. ‘सगळं डोक्यात तिथूनच सुरू झालं.’

तुमची पहिली फॅनफिक त्या शेवटच्या वाक्यात आहे. वहीतल्या ४० प्रकरणांत जग आहे, घटना आहेत, पण तुम्हाला छळणारा प्रश्न एकच आहे: या दोघांचं पुन्हा जमलं कसं? पहिल्या प्रकरणात तो प्रश्न कुठेच नाही, म्हणून तिसऱ्या पानावर दम संपतो. तोवर तुम्ही फक्त मांडामांड करत असता, आणि जे लिहायची ओढ आहे ते अजून २० प्रकरणं दूर असतं. कल्पनाशक्ती कमी पडतेय असं समजू नका. कथेचं माप चुकलंय, एवढंच. वही फाडू नका, बाजूला ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मूळ मालिका संपलेली असेल तर जमीन पक्की असते. ती अजून चालू असेल तर पुढच्या भागात लेखक तुमच्या कथेच्या नेमकं उलट काहीतरी लिहील, हे गृहीत धरूनच चालायचं. अशा वेळी कथेच्या वर ‘चौथ्या भागाच्या सुरुवातीपर्यंतच्या घटना धरल्या आहेत’ अशी एक ओळ टाकली की काम भागतं. मूळ कलाकृती पुस्तक असेल तर पात्रांच्या मनातलं आयतं मिळतं. पडद्यावरची मालिका असेल तर चेहरे, आवाज आणि हालचाली मिळतात, मन तुम्हाला बांधावं लागतं. खेळावर लिहिताना मुख्य पात्र बऱ्याचदा मुद्दाम कोरं ठेवलेलं असतं, तेव्हा त्याचा स्वभाव जवळजवळ पूर्णपणे तुमच्यावर येतो. नवशिक्यासाठी यातलं पुस्तक सर्वांत सोयीचं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच आहे.

फॅनफिक्शन साधारणपणे मूळ कलाकृतीतल्या कुठल्या ना कुठल्या फटीतून उगवते. मधे गाळलेला प्रसंग, घडून गेलेला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून, शेवटानंतरचं आयुष्य, किंवा ‘हे असं घडलं नसतं तर’ असा एकच बदल. पहिल्या खेपेला पहिल्या दोनपैकी एक घ्या. कारण साधं आहे: सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे दोन्ही मूळ लेखकाने ठरवून ठेवलेलं असतं. तुम्हाला फक्त एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं असतं. कथा कुठे संपवावी या प्रश्नावर नव्या लेखकांची जेवढी पानं वाया जातात, तेवढी दुसऱ्या कशावरही जात नाहीत.

‘एयू’, म्हणजे तीच पात्रं वेगळ्याच जगात, सोपी वाटते कारण मूळ जगाचे नियम पाळावे लागत नाहीत. पण जहाज काढलं, युद्ध काढलं, काळ बदलला की मूळ कलाकृतीतलं उरतं काय? फक्त पात्राचा स्वभाव आणि आवाज. तोच अजून हातात आला नसेल तर वाचकाला दिसतात नावं उसनी घेतलेली दोन अनोळखी माणसं. तुमची सध्याची अडचण नेमकी आवाजाचीच आहे, त्यामुळे एयू दोन-चार कथांनंतर. दोन वेगळ्या कलाकृती एकत्र आणणारा क्रॉसओव्हर त्याच्याही नंतर.

आता माप. १००० ते १५०० शब्द, एक जागा, दोन पात्रं, फार तर तिसरं एखादं दारात डोकावणारं, आणि काही तासांचा काळ. एका बैठकीत वाचून होणारी अशी कथा म्हणजे ‘वन-शॉट’. एवढ्या लांबीत सुरुवात, वळण आणि शेवट तिन्हींचा सराव होतो आणि आठ-दहा दिवसांत काहीतरी पुरं होतं. त्याआधी हात मोकळा करायला बरोबर १०० शब्दांची ‘ड्रॅबल’ लिहून पाहा. ९८ नाही, १०३ नाही, शंभरच. पहिल्या खर्ड्यात १६० शब्द होतील. त्यातले ६० काढताना विशेषणं, ‘अचानक’, ‘जणू’ आणि पात्राला काय वाटलं हे सांगणारी वाक्यं आधी गळतात. ती गेल्यावर प्रसंगाचं बहुतेक काही बिघडत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं फार उपयोगी पडतं.

लिहायला बसण्यापूर्वी सबंध मालिका चौथ्यांदा वाचू नका. तिसऱ्या भागातलं भांडण आणि चौथ्या भागातलं जेवण, एवढी दोनच प्रकरणं काढा आणि दोनदा वाचा.

पहिल्या वाचनात फक्त वस्तुस्थिती टिपा. भांडण कुठे झालं, कोणासमोर, कोणाला कोणती जखम आहे, कोणाला कोणतं गुपित माहीत आहे, दोन प्रसंगांत किती दिवस गेले. यातली ‘कोणाला काय माहीत आहे’ ही नोंद सर्वांत महत्त्वाची. वाचक म्हणून तुम्हाला सहाही भाग माहीत आहेत, पात्राला नाहीत. वैद्याला पाचव्या भागात कळणारी गोष्ट तुमच्या कथेत तो चौथ्याच्या आधी बोलून गेला, तर ती चूक वाचक नक्की पकडतात, आणि ती चूक खरी असते. नोंदी एका पानात मावतील एवढ्याच ठेवा. एवढं केलं की धास्तीचं अर्धं कारण संपतं. कोटाला किती गुंड्या होत्या यात चूक झाली तर एखादा वाचक सांगेल, तुम्ही दुरुस्त कराल, विषय संपला. आपल्या खलाशांना कधीही न सोडणारी कप्तान तुमच्या कथेत त्यांना सहज सोडून गेली, तर मात्र वाचक काही न बोलता पान बंद करतो. काळजी करायचीच तर या दुसऱ्या चुकीची करा.

दुसरं वाचन कानाने करायचं. प्रत्येक पात्राची १० ते १५ वाक्यं वहीत हाताने उतरवा. छापील मजकुरावर नजर घसरते. हाताने लिहिताना वाक्य कुठे तुटतं, कुठे लांबतं, ते जाणवतं. मग त्या वाक्यांना प्रश्न विचारा. हा माणूस विचारतो जास्त की सांगतो जास्त? नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणतो, की विषय बदलतो? समोरच्याला नावाने हाक मारतो का, आणि कधी? माफी मागायची वेळ आली की काय करतो? समजा कप्तान कधीच ‘चुकलं’ म्हणत नाही, चूक झाली की मुकाट्याने काहीतरी काम करून टाकते. वैद्य घाबरला की जास्त बोलतो. एवढं हाती लागलं की तुमच्या प्रसंगाचा सांगाडा आपोआप उभा राहतो: ती माफी मागणार नाही, तो गप्प बसणार नाही, तरी सकाळपर्यंत समेट व्हायला हवा. पात्राचा आवाज म्हणजे लकबी आणि ठरावीक शब्द अशी समजूत असते, पण तो त्याहून जास्त असतो बोलणं टाळण्याच्या पद्धतीत.

तपासायची एक रीत आहे. लिहून झालेल्या संवादांतली ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ झाका आणि कोण बोलतंय ते ओळखता येतं का बघा. दहापैकी सात-आठ वाक्यं ओळखता आली तर उत्तम. दहाही ओळखता आली तर थोडं सावध व्हा, लकबींचा मारा झालेला असू शकतो.

मराठीत लिहिताना एक जास्तीचं काम आहे, आणि माझ्या मते तीच मराठी फॅनफिकची सर्वांत मोठी संधी आहे. इंग्रजीतल्या ‘यू’ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. तू, तुम्ही की आपण, हे प्रत्येक जोडीसाठी तुम्हाला ठरवावं लागतं. लिहायच्या आधी छोटा तक्ता करा: कप्तान वैद्याला काय म्हणते, वैद्य कप्तानला काय म्हणतो, एकांतात काय, खलाशांसमोर काय. हे न ठरवता बसलात तर दुसऱ्या पानावर ‘तू ये’ आणि तिसऱ्यावर ‘तुम्ही बसा’ होतं, आणि पात्रं परकी वाटू लागतात. तुमची पात्रं ‘स्वतःसारखी’ बोलतात त्याचं एक कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. एकदा ठरवलं की ते मोडण्यात ताकद येते. एरवी एकांतात ‘तू’ म्हणणारा वैद्य भांडणानंतर खोलीत येतो आणि म्हणतो:

‘जखम दाखवा, कप्तान.’

राग, अंतर, मानभंग, सगळं त्या ‘दाखवा’मध्ये आलं. ‘तो अजून रागावलेला होता’ हे वाक्य लिहायची गरजच राहिली नाही. आणि प्रसंगाच्या शेवटी, पट्टी बदलताना, तो नुसतं ‘हात दे इकडे’ म्हणाला तर समेट झाल्याचं वाचकाला कळतं. मूळ इंग्रजी लेखकाला हे करता आलं नसतं. तुम्हाला करता येतं.

भाषेच्या आणखी काही गोष्टी. परकी नावं देवनागरीत एकाच पद्धतीने लिहा आणि त्यांना प्रत्यय लावून बघा, कारण ‘ने’, ‘ला’, ‘च्या’ लागल्यावर काही नावं अडखळतात. तशा वाक्यात नाव टाळून हुद्दा वापरता येतो. मराठी क्रियापद लिंग सांगतं, म्हणून एखाद्या पात्राचं लिंग मूळ मालिकेत मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलेलं असेल तर ‘गेला-गेली’ टाळायला वाक्यं फिरवावी लागतील: ‘मला जाणं भाग होतं’, ‘मी निघतेवेळी’ अशी. मूळ शिव्या किंवा शब्दखेळ शब्दशः उचलू नका. पात्र चिडलं की बोचरं बोलतं की धाडकन दार आपटतं, ते बघा आणि मराठीत तेच करा. मूळ मालिकेतले संवाद जसेच्या तसे घ्यायचे तर एखाद-दुसरं वाक्य पुरे. पानभर प्रसंग उतरवून त्यात दोन ओळी घालणं म्हणजे उतारा झाला, कथा झाली नाही.

प्रत्यक्ष लिहिताना उशिरा सुरू करा. जहाज बंदराला लागलं, संध्याकाळ झाली, कप्तान जिना चढली, यातलं काहीही नको. वैद्य दारात उभा आहे आणि तिने अजून वर पाहिलेलं नाही, इथून सुरुवात. फॅनफिकचा वाचक पात्रांना ओळखतच आलेला असतो. केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, मागच्या तीन भागांचा सारांश, यांची त्याला गरज नसते. चार वेळा लिहिलेलं तुमचं पहिलं प्रकरण काढून पाहा, त्यातली निम्मी वाक्यं बहुधा या ओळखपरेडीची असतील.

दृष्टिकोन एकाचाच ठेवा, आणि तो ज्याला बोलणं जड जातंय त्याचा नको. कप्तानच्या मनात शिरलात तर ती जे बोलत नाही ते सगळं निवेदनात सांडेल. वैद्याच्या बाजूने लिहिलंत तर त्याला आणि वाचकाला तिच्या हातांवरून, कामावरून अंदाज बांधावा लागेल. मजा त्यातच आहे.

सर्वांत जास्त कथा ढासळतात त्या समेटाच्या जागी. दोन अबोल माणसं अचानक समोरासमोर बसतात आणि स्वतःच्या भावना मुद्देसूद सांगू लागतात. ‘मला भीती वाटली म्हणून मी तुला दूर लोटलं.’ असं बोलणारी माणसं असती तर तिसऱ्या भागात भांडण झालंच नसतं. फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या वर्तुळात, याला ‘ओओसी’ म्हणतात, म्हणजे पात्र स्वभाव सोडून वागणं. पात्र कधीच बदलू नये असा याचा अर्थ नाही. बदल घडवणारा धक्का कथेत दिसला पाहिजे आणि तो पुरेसा मोठा हवा. कप्तानने आयुष्यात एकदा ‘चुकलं’ म्हणावं असं वाटत असेल, तर त्याआधीच्या हजार शब्दांत तिच्या पळवाटा एकेक करून बंद करा.

आता नवी नायिका. स्वतः तयार केलेलं पात्र, म्हणजे ‘ओसी’, आणण्यात गैर काही नाही, पण पहिल्या कथेत नको. ‘मेरी स्यू’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या नियतकालिकात, विडंबन लिहिलं, त्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट सगळ्यांहून हुशार, सगळ्यांची लाडकी. तिचं नाव पुढे त्या जातीच्या पात्रांनाच चिकटलं. हा शब्द नव्या लेखकांना, त्यातही मुलींना, गप्प करायला फार वापरला गेला आहे, आणि ते मला मुळीच पटत नाही. नायिका ताकदवान असण्यात दोष नाही. दोष तेव्हा येतो, जेव्हा तिच्याभोवती बाकीची पात्रं स्वभाव विसरतात: संशयी माणूस लगेच विश्वास टाकतो, कडक माणूस लगेच विरघळतो. तुमच्या आराखड्यात तिला काढून टाकल्यावर कप्तान आणि वैद्य जसे वागतील, तसेच ती असतानाही वागतात का, एवढं तपासा.

खर्डा झाला की दोन दिवस हात लावू नका. मग एकदा फक्त स्वभाव आणि ‘कोणाला काय माहीत’ यासाठी वाचा, एकदा मोठ्याने संवादांसाठी, आणि शेवटी शुद्धलेखनासाठी. तिन्ही एकदम करू गेलात तर वेलांट्या सुधारतात आणि पोकळ प्रसंग तसाच राहतो. प्रसिद्ध करण्याआधी वाचून देणाऱ्याला ‘बीटा रीडर’ म्हणतात. त्याला ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच मिळेल. कुठे वाचनाचा वेग मंदावला, कोणतं वाक्य कप्तानच्या तोंडी बसत नाही, समेट कोणत्या ओळीला झाला असं वाटलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनातल्या ओळीपेक्षा वेगळं आलं, तर दुरुस्ती कुठे हवी ते कळलं.

टाकायचं कुठे? फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ पासून आहे, वॉटपॅड २००६ पासून. मी सुचवेन ते संकेतस्थळ ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, म्हणजे एओथ्री. २००७ साली स्थापन झालेली एक ना-नफा संस्था ते चालवते. २००९ पासून ते सर्वांना खुलं आहे, तिथे जाहिराती नाहीत आणि टॅगांची, म्हणजे वाचकाला कथा शोधता यावी म्हणून तिला लावायच्या खुणशब्दांची, व्यवस्था नीट आहे. खातं उघडायला निमंत्रणासाठी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा खर्डा सुरू करतानाच नोंदवून ठेवा. तिथे जतन केलेला अप्रकाशित मसुदा महिनाभरानंतर पुसला जातो, म्हणून मूळ प्रत नेहमी स्वतःकडे ठेवा.

टॅगांमध्ये नवे लोक गोंधळतात ते एका खुणेवरून. दोन नावांमध्ये तिरपी रेघ (/) असेल तर प्रेमसंबंध, ‘अँड’चं चिन्ह (&) असेल तर मैत्री किंवा प्रेमाव्यतिरिक्त नातं. तुमची कथा मैत्रीची असेल आणि तिरपी रेघ पडली, तर चुकीचे वाचक येऊन हिरमुसतात आणि योग्य वाचकांना ती सापडतच नाही. कथेचा वयोगट ठरवा. ठळक हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध, या चार गोष्टींसाठी तिथे ठरलेल्या सूचना आहेत. यातलं काही कथेत असेल तर नोंदवा, किंवा ‘सूचना न देण्याचा पर्याय’ निवडा. असूनही ‘काही नाही’ असं लिहू नका, वाचक तुमच्यावर विसंबलेला असतो. भाषेच्या रकान्यात तुमच्या लेखनाची भाषा भरायची, मूळ मालिकेची नव्हे. सारांश दोन-तीन ओळींचा पुरे: प्रसंग कुठला आणि अडचण काय. ‘मला सारांश जमत नाही’ असं तिथे लिहू नका. आपल्या कामाची किंमत आपणच कमी केली की वाचकही तसंच धरून चालतो.

हक्कांबद्दल थोडक्यात. पात्रं आणि जग मूळ लेखकाचं आहे, त्यामुळे पैसे घेऊ नका आणि कथेखाली देणगीचे दुवे देऊ नका. एओथ्रीवर तर व्यावसायिक प्रचाराला बंदीच आहे. ‘पात्रं माझी नाहीत’ ही ओळ सौजन्याची आहे, कायद्याचं कवच नव्हे. कायदा देशागणिक बदलतो. काही लेखकांनी आपल्या कलाकृतींवर फॅनफिक्शन नको असं जाहीर केलेलं असतं, ते आधी पाहून घ्या.

ही कथा झाल्यावर लगेच ४० प्रकरणांकडे वळू नका. अशाच आणखी दोन-तीन लिहा, दर वेळी एक नवी अडचण घेऊन: एकदा तीन पात्रांचा संवाद, एकदा मारामारी, एकदा तुमची नवी नायिका फक्त एका प्रसंगापुरती. मग वही उघडा आणि प्रत्येक प्रकरणासमोर एका ओळीत लिहा, इथे कोणाला काय हवं आहे आणि आड काय येतंय. ज्यांच्यासमोर ओळ सुचत नाही ती प्रकरणं जोडून टाका किंवा काढा. ४० ची १२ ते १५ झाली तर नवल वाटायला नको. पहिलं प्रकरण प्रसिद्ध करण्याआधी निदान पाच लिहून तयार ठेवा, कारण तिसरं लिहिताना पहिल्यात काहीतरी पेरायचं राहून गेलं हे हमखास लक्षात येतं, आणि तोवर ते वाचकांच्या हाती गेलेलं नसलं तर शांतपणे मागे जाऊन दुरुस्त करता येतं.